डिस्क गोल्फ खेळताना भेटलेले वन्यजीव: डिस्क आणायला जायचं की सोडून द्यायची?

दवबिंदू

नमस्कार मंडळी. इथे डिस्क गोल्फ खेळणारे बरेच जण आहेत, म्हणून हा धागा काढते आहे. (नवख्यांसाठी: यात चेंडूऐवजी तबकडी, म्हणजे डिस्क, कमीत कमी फेकींत साखळ्यांच्या बास्केटमध्ये टाकायची असते. अशा एकेका टप्प्याला होल म्हणतात.)

गेल्या रविवारची गोष्ट. आमच्या मैदानावर सातव्या होलला डाव्या हाताला तळं आहे. उजव्या हाताने बॅकहँड टाकणाऱ्यांची डिस्क शेवटी डावीकडे वळते, तशी माझीही वळली आणि काठावरच्या लव्हाळ्यात जाऊन पडली. आणायला गेले तर डिस्कपासून हातभर अंतरावर कॅनडा गूजची (बदकापेक्षा मोठा पाणपक्षी) मादी घरट्यावर बसलेली. ती जागची हलली नाही, फक्त मान खाली घालून माझ्याकडे बघत राहिली. नर मात्र तळ्यातून उठला आणि मान जमिनीलगत ताणून फुत्कारत थेट माझ्या अंगावर आला. मी मागे सरले.

बरोबरचा मित्र म्हणाला, "काठीने हुसकव, दोन मिनिटांचं काम आहे." मी नाही म्हणाले. त्यावरून आमची चांगलीच जुंपली. शेवटी मी आणखी मागे येऊन अंदाजाने दुसऱ्या डिस्कने खेळले. पहिली डिस्क तिथेच आहे. माझी पहिली एस, म्हणजे पहिल्याच फेकीत बास्केट, त्याच डिस्कने झाली होती, त्यामुळे जीव अडकलाय हे खरं.

तर प्रश्न असे: तुम्ही काय केलं असतं? नियमाप्रमाणे अशा वेळी काय करायचं, म्हणजे कार्डावर दंड लिहायचा का? आणि तुम्हाला खेळताना कोण कोण भेटलंय?

उनाड

वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे). सवडीने सविस्तर लिहितो. तोवर एवढंच, की तुम्ही केलंत ते शंभर टक्के बरोबर.

टोपलीकर

नियमाचं सांगतो. पीडीजीएच्या (डिस्क गोल्फची व्यावसायिक संघटना) नियमपुस्तकात ज्या अडथळ्यांपासून सवलत मिळते, त्यांत अपायकारक कीटक आणि प्राणी स्पष्टपणे येतात. तुमच्या उभं राहायच्या जागी किंवा तिच्या मागे असा प्राणी असेल, तर बास्केट आणि तुमची जागा यांना जोडणाऱ्या रेषेवर मागे मागे जायचं आणि सवलत मिळेल अशी सगळ्यांत जवळची जागा घ्यायची. बास्केटच्या जवळ सरकायचं नाही. दंड शून्य. डिस्क डोळ्यांना दिसत होती, म्हणजे ती हरवलेलीही नाही. ती उचलून आणलीच पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही. फक्त गटातल्या बाकीच्यांना आधी सांगायचं आणि त्यांची संमती घ्यायची.

हुसकवायचा मुद्दा नियमपुस्तकाच्या बाहेरचा आहे, पण माझं मत तुमच्यासारखंच.

किर्र_रान

मी थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका. मैदान खेळायसाठी आखलेलं असतं. कॅनडा गूज काही दुर्मीळ पक्षी नाही, उलट अनेक बागांमध्ये इतके झालेत की चालणं मुश्कील. टी-पॅडवर (पहिली फेक करायच्या जागेवर) घाण, फेअरवेवर (तिथून बास्केटपर्यंतच्या पट्ट्यावर) घाण. एक मादी दोन मिनिटं उठली म्हणून अंडी काही थंड पडत नाहीत. ती स्वतःही दिवसातून खायला उठतेच की. आपण प्रत्येक प्राण्यापुढे नमतं घेतलं तर वसंतात खेळायचंच नाही का?

पक्षीवेडी

@किर्र_रान, ती उठते हे खरं. पण ती स्वतः उठते तेव्हा अंडी पिसांनी आणि काडीकचऱ्याने झाकून जाते. घाबरून उठली की ती तशीच उघडी राहतात आणि कावळे वाटच बघत असतात. शिवाय त्या सातव्या होलवर दिवसाला माणसं किती येणार? प्रत्येकाने "दोन मिनिटं" म्हटलं तर त्या मादीने दिवसभर उठाबशाच काढायच्या.

अंडी उबवायला साधारण २८ दिवस लागतात. उबवते एकटी मादी, नर आसपास पहारा देतो. पिल्लं बाहेर आली की एक-दोन दिवसांत सगळं कुटुंब घरटं सोडून पाण्यावर जातं. म्हणजे सगळा मामला महिन्याभराचा. अमेरिकेत १९१८ च्या स्थलांतरित पक्षी करार कायद्याखाली या पक्ष्याची अंडी किंवा घरटं परवानगीशिवाय नष्ट करणं हा गुन्हाही आहे.

@दवबिंदू, नर अंगावर आला तर पाठ फिरवून पळू नका, तो पाठलाग करतो. तोंड त्याच्याकडे ठेवून, नजर न हटवता हळूहळू मागे या. ओरडायचं नाही, हात झाडायचे नाहीत. तुम्ही नकळत तेच केलंत.

आता माझा अनुभव. आमच्याकडे अकराव्या होलच्या टी-पॅडभोवती खडी टाकली आहे. तिथे एक किलडियर जखमी झाल्यासारखी पंख ओढत, केविलवाणी ओरडत माझ्यापुढे चालू लागली. हा पक्षी टिटवीच्या कुळातला. सोबतची मुलगी हळहळली, "अगं, पंख मोडलाय बिचारीचा." मी तिला हाताला धरून जागच्या जागी थांबवलं. पंख मोडलेला नव्हता. घरट्यापासून लांब न्यायचं नाटक होतं ते. खाली बघितलं तर पावलापासून वीतभर अंतरावर खडीतच चार ठिपकेदार अंडी, खडीसारखीच. घरटं असं काही नाहीच, नुसता खळगा. आम्ही आमच्या पिशव्यांमधले चार छोटे मार्कर (जागा दाखवायच्या लहान डिस्क) लांब लांब ठेवून चौकोन केला आणि मैदान सांभाळणाऱ्यांना फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी तिथे दोरी बांधलेली होती. लोक तीन आठवडे गवतावरून ड्राइव्ह (पहिली लांब फेक) मारत होते आणि कुणीही कुरकुर केली नाही.

सहज_वाचक

किलडियरचं वाचून अंगावर काटा आला. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा)!

जुना_खेळाडू

विषय जिव्हाळ्याचा, म्हणून जरा लांबण लावतो.

डिस्क गोल्फमध्येच प्राणी इतके का भेटतात? चेंडूच्या गोल्फला जमीन सपाट करावी लागते, गवत पेरून रोज कापावं लागतं. आपल्या खेळाला ते लागत नाही. झाडं हाच आपला अडथळा, म्हणून झाडं राहू देतात. पुराचं पाणी येणारा नदीकाठ, उतार, ओढ्याची घळ, जिथे दुसरं काही बांधता येत नाही अशा जागा आपल्या वाट्याला येतात. आणि नेमक्या त्याच जागा प्राण्यांच्याही वाट्याला उरलेल्या असतात. त्यात आपण खेळतो कधी? कामाआधी पहाटे, नाहीतर काम संपल्यावर संध्याकाळी. हरणं, कोल्हे, ससे, घुबडं यांची फिरायची वेळही तीच.

हे पहिल्यापासून असंच आहे. एड हेड्रिक यांनी १९७५ साली कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिलं कायमस्वरूपी मैदान आखलं, ते ओकच्या झाडांमध्येच. पुढे १९८४ चं सांताक्रूझचं डेलाविआगा घ्या. तिथे ओकचं रान, घळी आणि पॉयझन ओक. त्या वेलीला हात लागला की पुढचे दोन आठवडे खाजवत बसायचं.

@किर्र_रान, तुमचा राग मी समजू शकतो. चिखल आणि घाण मीही तुडवली आहे. पण उपाय पक्ष्याकडे नाही, बास्केटकडे आहे. बऱ्याच मैदानांवर एका होलला बास्केटच्या दोन-तीन जागा असतात. जमिनीत नळी पुरलेली असते, त्यात खांब बसवून कुलूप लावतात. विणीच्या काळात बास्केट दुसऱ्या नळीत हलवायला दोन माणसं आणि पंधरा मिनिटं पुरतात. आम्ही दर वसंतात हे करतो. @दवबिंदू, तुमच्या क्लबला विचारून बघा.

दवबिंदू

@टोपलीकर, धन्यवाद. @जुना_खेळाडू काका, हे सुचलंच नव्हतं. सातव्या होलला उजवीकडे टेकाडावर दुसरी नळी आहे, मी पाहिलीये. आजच विचारते.

सावलीखाली

माझा अनुभव सापाचा. पानगळीचा मोसम, खाली घोट्यापर्यंत पाचोळा. माझी नारिंगी डिस्क एका आडव्या पडलेल्या ओंडक्याला लागून थांबली होती. वाकून हात घालणार तेवढ्यात पाचोळ्यावरची नक्षी जरा जास्तच नीटनेटकी वाटली. तांबूस अंगावर डमरूच्या आकाराचे पट्टे. कॉपरहेड, विषारी साप. माझा हात आणि त्याचं डोकं यांत दीड वीत अंतर असेल. तो अजिबात हलला नाही. या सापाची सवयच ती, धोका वाटला की स्तब्ध राहायचं, कारण पाचोळ्यात तो दिसतच नाही. म्हणूनच लोकांचे हात-पाय त्याच्यावर पडतात.

मी हळूच मागे झालो, दहा पावलं लांब उभा राहिलो. पाच-सात मिनिटांनी तो ओंडक्याखाली निघून गेला. डिस्क मी लांब दांड्याच्या आकड्याने ओढून घेतली.

त्या दिवसापासून दोन गोष्टी बदलल्या. जिथे नजर पोचत नाही तिथे हात घालत नाही, आधी आकडा. आणि पिशवीतल्या नारिंगी, तपकिरी, हिरव्या डिस्क काढून टाकल्या. आता सगळ्या भडक गुलाबी आणि आकाशी. लांबून दिसते, म्हणजे झुडपात शोधत बसायचा वेळ वाचतो. झुडपात कमी वेळ म्हणजे साप कमी, गोचिडी कमी.

उनाड

गुलाबीचं एकदम पटलं. पिवळी डिस्क पिवळ्या पानांत शोधताना मी दोन मोसम काढलेत.

डॉ_निवांत

सापाचा विषय निघालाच आहे तर पेशाने डॉक्टर म्हणून चार शब्द.

सर्पदंश झाला तर: सापापासून लांब व्हा, शांत बसा, अंगठी-घड्याळ-कडं लगेच काढा कारण सूज येते, आणि लवकरात लवकर रुग्णालय गाठा. चिरा देऊ नका, रक्त चोखू नका, आवळून दोरी बांधू नका, बर्फ लावू नका. साप मारून किंवा पकडून आणायची गरज नाही. लांबून फोटो मिळाला तर ठीक, नाही मिळाला तरी चालतं. त्याच्या मागे गेल्यामुळे दुसरा दंश झालेला रुग्ण मी पाहिला आहे.

पण खरं सांगायचं तर या खेळात मला सापापेक्षा गोचिडीची काळजी जास्त वाटते. ती दिसत नाही, चावलेली कळत नाही. लाइम आजार पसरवणारी कोवळी गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असते. ती उडी मारत नाही. गवताच्या टोकाला पाय पसरून बसते आणि आपण घासून गेलो की चिकटते. म्हणजे फेअरवे सोडून आत शिरलं की ती आलीच.

उपाय सोपे आहेत. लांब पँट, तिच्या पायांची टोकं मोज्यात. कपड्यांवर आणि बुटांवर ०.५ टक्के परमेथ्रिन हे कीटकनाशक, फक्त कपड्यांवर, कातडीवर नाही. घरी आल्यावर आंघोळ आणि सगळं अंग तपासणं: गुडघ्यामागे, काखेत, कमरेला, केसांत, कानामागे. सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ वर ओढा. काडी लावून जाळणं, व्हॅसलीन फासणं हे करू नका. चोवीस तासांच्या आत काढली तर लाइमचा धोका फारच कमी असतो. पुढे ३ ते ३० दिवसांत वर्तुळासारखा पसरत जाणारा लाल चट्टा किंवा ताप आला तर डॉक्टरांकडे जा आणि "मी झाडीत खेळतो" हे आपणहून सांगा. चट्टा सगळ्यांनाच येतो असं नाही.

पानगळ

डॉक्टर, हे वेगळं काढून पहिल्या पोस्टखाली लावायला हवं. मोज्यात पँट घातली की मुलं मला हसतात. आता त्यांनाच हे वाचायला देते.

गवताचं_पातं

गांधीलमाशांचं कुणी लिहिलं नाही अजून! बास्केटच्या वरच्या पट्टीच्या आतल्या बाजूला त्या कागदी पोळं करतात. बाहेरून काही दिसत नाही. पट (बास्केटजवळून केलेली शेवटची फेक) मारला, साखळ्या खणखणल्या, मी आनंदात हात घातला आणि तीन डंख. मनगट कोपरापर्यंत सुजलं. तेव्हापासून उन्हाळ्यात बास्केटजवळ गेलं की आधी खालून वर बघते. होल नंबरच्या पाटीच्या मागेही असतात. आणि जमिनीतल्या बिळात राहणाऱ्या यलोजॅकेट गांधीलमाशांचा वेगळाच ताप. त्यांच्या बिळाजवळ नुसती पावलं दणदण वाजली तरी चवताळून बाहेर येतात. अशा वेळी उभं राहून झटकायचं नाही, सरळ पळत सुटायचं.

टोपलीकर

याच कारणासाठी "अपायकारक कीटक" नियमात आहेत. मात्र बास्केटमध्येच पोळं असेल तर स्पर्धेत संचालकांना बोलवा. आपल्या मनाने त्या होलवरून पुढे जाऊ नका.

उनाड

सविस्तर लिहितो म्हणालो होतो. माझा विषय पाण्याचा.

बहुतेक डिस्क पाण्यात बुडतात. तरंगणाऱ्या काही मोजक्याच. त्यामुळे तळ्याकाठच्या मैदानांवर तळाशी डिस्कांचा खच असतो आणि काही जण त्या काढायला पाण्यात उतरतात. मीही उतरायचो. कंबरभर पाणी, पायाने चाचपडत जायचं, एका दुपारी पाच-सहा डिस्क मिळायच्या, मजा वाटायची.

मे २०२२ च्या अखेरीस फ्लोरिडात लार्गो गावच्या टेलर पार्कमध्ये डिस्क शोधायला तळ्यात उतरलेल्या एका माणसाचा ॲलिगेटरने (मगरीसारखा प्राणी) जीव घेतला. पाण्यात उतरू नका असे फलक तिथे होते. तो काळ त्यांच्या विणीचा. फ्लोरिडात सुमारे १३ लाख ॲलिगेटर आहेत. तिथे गोड्या पाण्याचं कुठलंही तळं रिकामं समजायचं नसतं.

ती बातमी मी दोनदा वाचली. मी जिथे उतरायचो तिथे ॲलिगेटर नाहीत, पण स्नॅपिंग टर्टल ही कडकडून चावणारी कासवं आहेत आणि गढूळ पाण्यात पायाखाली काय आहे ते मलाही कधी दिसलं नव्हतं. त्यानंतर मी पाण्यात पाय ठेवलेला नाही. काठावरून दोरी बांधलेला दाताळ्यासारखा आकडा टाकतो. आली तर आली.

@दवबिंदू, एसची डिस्क आहे म्हणून जीव अडकलाय म्हणालात, तेव्हा हे आठवलं. तुमच्या डिस्कला निदान राखण करायला कुणीतरी बसलंय!

दवबिंदू

हे मात्र खरं. दोन दोन राखणदार आहेत.

ध्रुव_तारा

प्रकाटाआ, म्हणजे प्रतिसाद काढून टाकला आहे. (चुकून दोनदा आला होता.)

मुसाफिर

अलास्कात अँकरेजच्या किंकेड पार्कमध्ये १८ होलचं मैदान आहे आणि त्या बागेत मूस ही प्रचंड हरणं कायमची मुक्कामाला असतात. मी प्रवासात एकदा खेळलो. चौथ्या होलला टी-पॅडवर उभा राहिलो तर फेअरवेच्या मधोमध मादी आणि तिचं तांबूस वासरू. चित्रात मूस बघून त्याच्या आकाराची कल्पनाच येत नाही. घोड्यापेक्षा उंच आणि एवढं शांत, की वाटतं बाजूने जाता येईल.

तिथल्या एका खेळाडूने सांगितलं: कान मागे पडले, मानेवरचे केस उभे राहिले, ती ओठ चाटायला लागली, की समजायचं आता येणार. आणि आली तर पळायचं, मोठं झाड मध्ये घ्यायचं. अस्वलाच्या बाबतीत बरोबर उलटं. अस्वल समोर आलं तर पळायचं नाही, बोलत बोलत सावकाश मागे सरायचं. डोक्यात दोन्हींची गल्लत होऊ द्यायची नाही.

आम्ही चार, पाच आणि सहा सोडून थेट सातव्या होलवर गेलो. त्या दिवसाचं कार्ड पंधरा होलचंच आहे. ते अजून जपून ठेवलंय.

रातकिडा

मी अंधारात खेळतो. डिस्कला छोटा दिवा चिकटवायचा, बास्केटला माळ लावायची. प्रकाशाची तबकडी झाडांमधून जाताना बघायला फार सुंदर दिसते. एकदा तशाच एका फेरीत मागून डोक्यावरची टोपी उडाली. आवाज नाही, वारा नाही. वर पाहिलं तर बार्ड घुबड फांदीवर बसून माझ्याकडे बघतंय. पिल्लं जवळ असताना ती अशी झडप घालतात हे नंतर कळलं. घुबडाच्या पंखांच्या कडा झालरीसारख्या असतात, म्हणून उडताना चाहूल लागत नाही. तो महिनाभर आम्ही मागचे नऊ होल बंद ठेवले.

स्कंकची, म्हणजे दुर्गंधी फवारणाऱ्या प्राण्याची, कथा मोठी आहे, थोडक्यात सांगतो. बास्केटखाली काहीतरी काळं-पांढरं दिसलं, मित्राला वाटलं मांजर. स्कंकने पुढचे पाय आपटले, शेपटी उभारली. ही शेवटची सूचना असते, ती आम्हाला कळली नाही. तो वास टोमॅटोच्या रसाने काही जात नाही. जातो तो असा: ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड साधारण एक लिटर, पाव कप खायचा सोडा, चमचाभर भांडी घासायचा द्रव साबण. ताजं करायचं, लगेच वापरायचं, डोळ्यांत जाऊ द्यायचं नाही आणि उरलेलं बाटलीत बंद करून ठेवायचं नाही. वायू साठून बाटली फुटते.

पानगळ

सगळ्यांचे अनुभव प्राण्यांनी आपल्याला काय केलं याचे आहेत. माझा उलटा आहे. लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

मागच्या वर्षी मोकळ्या फेअरवेवर रॉबिन पक्षी टिपत होते, दहा-बारा असतील. मला ते दिसत होते. वाटलं डिस्क वरून जाईल, नाहीतर ते उडतील. फोरहँड जोरात टाकला, डिस्क खाली राहिली आणि एकाला लागली. पावणेदोनशे ग्रॅमची, पातळ कडेची वस्तू त्या वेगाने. बाकीचे उडाले.

तो जिवंत होता. मी जॅकेटमध्ये अलगद उचलला. गाडीत बुटांचा खोका होता, त्याला भोकं पाडून आत मऊ कापड घातलं आणि त्याला ठेवलं. वन्यजीव शुश्रूषा केंद्राला फोन केला तर त्यांनी सांगितलं: पाणी पाजू नका, खायला घालू नका, झाकण लावून अंधारात शांत ठेवा आणि घेऊन या. सारखं उघडून बघू नका, माणसाचं तोंड दिसलं की तो भीतीनेच दगावतो. चाळीस मिनिटांचा रस्ता होता. मी एकदाही उघडलं नाही. तिथे पोचल्यावर त्यांनी उघडलं, तेव्हा तो गेलेला होता.

त्या बाई काही बोलल्या नाहीत. खांद्यावर हात ठेवला फक्त.

तेव्हापासून फेअरवेवर काहीही जिवंत असलं की मी थांबते. मागचा गट आला तर त्यांना पुढे जायला सांगते. हरणाचं पाडस असो की चिमणी. एवढंच सांगायचं होतं.

जुना_खेळाडू

@पानगळ, लिहिलंत हे बरं केलंत. तुम्ही त्याला अंधार दिलात, शांतता दिलीत. याहून जास्त कुणाच्याच हातात नसतं.

टोपलीकर

@पानगळ, तुमच्या थांबण्याबद्दल एक सांगतो, कामाला येईल. टाकायला ३० सेकंद मिळतात, म्हणून स्पर्धेत लोक घाई करतात. पण ते ३० सेकंद मैदान मोकळं आणि व्यत्ययाविना झाल्यावर मोजायला सुरुवात होते. फेअरवेवर हरणं उभी असतील तर मैदान मोकळं नाही. निवांत थांबा, कुणी तुम्हाला दंड लावू शकत नाही.

पक्षीवेडी

हे माहीत नव्हतं! प्रत्येक स्पर्धेआधी मोठ्याने वाचून दाखवायला हवं.

पाडसाचा उल्लेख आला म्हणून: गवतात एकटं, गप्प बसलेलं पाडस दिसलं तर ते पोरकं आहे असं समजून उचलू नका. हरिणी त्याला मुद्दाम तसं ठेवून तासन् तास लांब चरते, म्हणजे तिच्या वासावरून शिकारी पिल्लापर्यंत पोचू नयेत. तुम्ही जवळ उभे असाल तोवर ती येत नाही. डिस्क शेजारी पडली असेल तर चटकन उचला आणि निघा.

सहज_वाचक

एक भाबडा प्रश्न. प्राण्याने डिस्क उचलून नेली तर?

टोपलीकर

भाबडा नाही, असं होतं. कोल्ह्यांची पिल्लं आणि मोकळे कुत्रे नेतात. थांबलेली डिस्क कुणी हलवली तर ती मूळ जागी, गटाच्या अंदाजाने, परत ठेवायची. उडत असताना प्राण्याला आपटून वळली तर जिथे थांबली तिथून खेळायचं. डिस्क शोधायला तीन मिनिटं मिळतात. पण कोल्ह्याने नेताना सगळ्यांनी पाहिलं असेल तर शोधायचा प्रश्नच येत नाही, दुसरी डिस्क ठेवा आणि खेळा.

किर्र_रान

वर मी जे लिहिलं त्यावर परत आलोय. माझं म्हणणं सगळंच मागे घेत नाही. टी-पॅडवरची घाण कुणीतरी साफ करायला हवी, आणि पक्ष्यांना पाव टाकणाऱ्यांना आधी थांबवायला हवं, त्यामुळेच ते तिथे ठिय्या देतात. पण "काठीने हुसकव" याला मी पाठिंबा दिला होता, तो काढून घेतो. @पानगळ यांचं वाचल्यावर काल आमच्या मैदानावर तीन सशांसाठी थांबलो. बरोबरच्यांनी विचारलं काय झालं, तर त्यांना हा धागा वाचायला दिला. आणि काका, बास्केट हलवायला दोन माणसं लागतात म्हणालात ना? आमच्या क्लबात मी नाव दिलंय.

जुना_खेळाडू

शाब्बास. पहार आणि कुलपाला घालायचं तेल बरोबर न्या, जुन्या नळ्या गंजलेल्या असतात.

दवबिंदू

तीन आठवड्यांनी धागा वर आणते आहे, कारण सांगण्यासारखं आहे.

क्लबने दुसऱ्याच दिवशी सातवं बास्केट टेकाडावर हलवलं आणि लव्हाळ्याच्या कडेला दोरी बांधली. ज्या मित्राशी भांडण झालं होतं तोच खांब धरायला आला होता. आम्ही रोज लांबून बघायचो. परवा सकाळी घरटं रिकामं दिसलं. पोटात धस्स झालं. मग तळ्याकडे पाहिलं, तर पुढे मादी, मागे नर आणि मध्ये ओळीने पाच पिवळी पिल्लं.

दुपारपर्यंत थांबले, ती सगळी पलीकडच्या काठाला गेल्यावरच आत शिरले. पँट मोज्यात घालून, डॉक्टर! घरट्यात टरफलांचे तुकडे आणि राखाडी पिसं होती. डिस्क अगदी तिथेच होती, विष्ठेने माखलेली, कडेखाली दोन गोगलगायी. गोगलगायी गवतावर सोडल्या आणि डिस्क धुतली. ती परत पिशवीत आहे.

@टोपलीकर, त्या रविवारी भांडणापायी सातव्या होलचा रकाना मी कोराच सोडला होता. ड्राइव्ह, मग मागे येऊन टाकलेली, मग दोन पट. चार लिहू ना?

टोपलीकर

चारच. दंड नाही.